बोलू लागलेल्या मुलीशी बोलताना
तुमची मुलगी दीड वर्षाची आहे, म्हणून सांगते: तिच्याकडून शब्द पाठ करून घेण्यापेक्षा ती ज्या वस्तूकडे बोट दाखवते, तिच्याविषयी त्याच क्षणी बोलावे. गोदाघाटावर तिने नदीकडे पाहून ‘पाई’ म्हटले, तर ‘हो, पाणी! केवढे पाणी वाहते आहे!’ असे म्हणावे, म्हणजे चूक न दाखवताही शब्दाचे योग्य रूप तिच्या कानी पडते आणि शब्दाचे वाक्य कसे होते हेही उमगते. त्यानंतर तिला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून चार-पाच सेकंद गप्प राहावे. आम्हा आज्यांना नेमके हेच सर्वांत अवघड जाते. मोबाईलवरची गाणी मुलीला उत्तर देत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये. दोन वर्षे पूर्ण होऊनही ती दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ या दिलाशावर न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्यावी.