‘मला बोट लागते’ असं सांगून बसले, आता काय करू?

*ताई, आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. सासू-सासरे आमच्याकडेच असतात. धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा नेरुळला. १२ डिसेंबरला सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतील. त्यासाठी नाताळच्या सुट्टीत नऊच्या नऊ जणांनी क्रूझनं मुंबई-गोवा-मुंबई करायचं, असं दिरांनी ठरवलंय. आमच्या चौघांचाच आकडा लाखाच्या वर जातो. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला, क्लासची फी भरायचीय. सहलीसाठी आम्ही जेमतेम ५०,००० बाजूला काढलेत. मी म्हटलं, रिसॉर्टला जाऊ. गेल्या वर्षी कर्जतला बंगला घेतला होता, तो स्वस्त पडला होता. पण परवडत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून घरच्या ग्रुपवर ‘मला बोट लागते’ असं लिहून मोकळी झाले. झालं उलटंच. जावेनं माझ्यासाठी गोळ्या आणि मनगटाला बांधायचे पट्टे मागवले. सासूबाईंनी, त्यांचे गुडघे दुखत असताना, आवळासुपारी करायला घेतली. जाऊ म्हणते, ‘दोन दिवस मला ओटा दिसायला नको.’ तिला हौसच फार. सासरे काहीच बोलत नाहीत. परवा फक्त म्हणाले, ‘मी लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं दाभोळला जायचो.’ काल यांच्या बॅगेत मला पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म दिसला. मोठ्या भावानं मागे कसं राहायचं, असं त्यांचं चाललंय. रविवारपर्यंत दिरांना होकार हवाय. क्रूझ की रिसॉर्ट?*
*— नौपाड्याची एक सून*

अगं, सगळ्यात आधी तो फॉर्म. तो भरू देऊ नकोस. क्रूझ की रिसॉर्ट ते बघूच, पण दोन-तीन दिवसांच्या सहलीचे हप्ते लेकीच्या दहावीच्या वर्षात फेडत बसायचं, हे मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही. आज रात्री मुलं झोपली की नवऱ्याजवळ बस आणि फॉर्म दिसल्याचं सांग. आवाज चढवू नकोस. त्यांनी तुझ्यापासून फॉर्म लपवला, तू सगळ्यांपासून खरं कारण लपवलंस. अडचण एकच, आणि तुम्ही दोघं दोन वेगवेगळ्या आडोशांना उभे आहात. आधी तुम्ही दोघं एका बाजूला या, मग नेरुळला काय सांगायचं ते आपोआप सुचेल.

बोट लागण्याचं कारण तसंही टिकणारं नाही. बोट लागते ती कान आणि डोळे यांचा मेळ बसेनासा झाला की. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, त्याला हेलकावे कळत असतात. डोळ्यांना मात्र समोरची भिंत जागच्या जागी दिसते. त्या घोळात मळमळायला लागतं. पण पावसाळ्यात खवळणारा अरबी समुद्र डिसेंबरात बराच शांत असतो. मोठ्या जहाजांना डोलणं कमी करणारी पाती पाण्याखाली बसवलेली असतात. आणि जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घेतली की हेलकावे आणखी कमी जाणवतात. हे सगळं दिरांना एका फोनमध्ये कळेल आणि ते प्रेमानं तुझ्यासाठी तशी खोली मिळवतीलही. मग तू दुसरं कारण शोधणार का? त्या गोळ्यांबद्दलही सांगते. बोट लागू नये म्हणून देतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. गरज नसताना तू घेऊ नकोस, आणि सासू-सासऱ्यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

हे मी एवढं कळकळीनं लिहितेय, कारण मी स्वतः हेच केलंय. माझा मुलगा लहान असताना नणंदेनं काश्मीरचा बेत आखला होता. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. मी म्हटलं, मुलाची परीक्षा आहे. तिनं तारखा बदलल्या. मग मी घरातल्या कुणाच्या तरी तब्येतीचं पुढं केलं. तिनं तेव्हा काही विचारलं नाही. पण हिला आमच्याबरोबर यायचंच नाही, असं तिच्या मनानं घेतलं. पुढची दोन वर्षं ती भाऊबीजेला यायची, भावाला ओवाळायची आणि न जेवता निघून जायची. ‘या वर्षी जमणार नाही गं, पैसे नाहीत,’ एवढंच मी बोलायला हवं होतं. ते मला आजही लागतं.

आता तुझ्या जावेचं. पत्रात तू तिचं एक वाक्य लिहिलंस आणि पुढं ‘तिला हौसच फार’ असं म्हणून मोकळी झालीस. ते वाक्य पुन्हा वाच. ‘दोन दिवस मला ओटा दिसायला नको.’ मला त्यात थाटमाट दिसत नाही, दमलेली बाई दिसते. कर्जतच्या बंगल्यात सकाळी नऊ जणांचा चहा कुणी केला होता? कांदेपोह्यांचा कांदा कुणी चिरला? रात्री भांडी विसळून पालथी कुणी घातली? तुम्ही दोघींनीच ना? तो बंगला स्वस्त पडला, कारण त्यातली मजुरी तुम्ही दोघींनी केली. तुला रिसॉर्ट म्हटलं की तो बंगला आठवतो, तसा तो तिलाही आठवत असणार. म्हणून ती जहाजाकडे धावतेय. जहाजावर कुणी तिच्या हातात भाजी निवडायला देणार नाही.

तेव्हा ठिकाण कुठलंही ठरो, स्वयंपाकघर असलेली जागा घ्यायची नाही. ‘गॅस आहे, भांडी आहेत, हवं ते करून घ्या’ हे मालक मोठ्या कौतुकानं सांगतात, तिथून फोन ठेवून द्यायचा. सकाळचा पहिला चहासुद्धा कुणीतरी आणून दिला पाहिजे, आणि तो कुणी आणणार हे बुकिंग करतानाच विचारायचं.

क्रूझ वाईट, असं मी म्हणणार नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तर ती सोयीचीच आहे: लिफ्ट असते, सामान एकदाच लावायचं, जेवायला लांब जावं लागत नाही, जहाजावर डॉक्टर असतो. बऱ्याच रिसॉर्टमध्ये खोलीपासून जेवणघरापर्यंत पायऱ्याच पायऱ्या असतात. मुलांना जहाज आवडेल यात शंका नाही.

पण दिरांनी ग्रुपवर टाकलेला आकडा नेमका कशाचा, हे मात्र बघून घ्या. क्रूझचं भाडं माणशी असतं आणि ते एका खोलीत दोघं धरून सांगतात. तिसऱ्या-चौथ्याला त्याच खोलीत थोडं कमी लागतं, पण तिथं दोघांना वरच्या, भिंतीतून उघडणाऱ्या पलंगावर झोपावं लागतं. स्वस्तातल्या आतल्या खोल्यांना खिडकी नसते, हे आपल्या लोकांना बऱ्याचदा आत गेल्यावर कळतं. भाड्यावर बंदराचं शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी. जेवणखाण भाड्यात असतं, पण गोव्यात उतरून फिरायचं असेल तर ते वेगळं, आणि मिळतात ते काही तासच. भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते, जहाजावरच्या वायफायचे पैसे वेगळे. शिवाय जहाज काही तुमच्यासाठी थांबत नाही. ठाण्याहून बॅलार्ड पिअरला पोचायला नाताळच्या गर्दीत किती आधी निघावं लागेल, ते तुम्हीच जाणता.

रिसॉर्टचा आकडाही तसाच उलटापालटा करून बघ. तो स्वस्तच असेल असं धरून चालू नकोस. तिथं भाडं खोलीवर असतं, पण जास्तीच्या गादीचे, मुलांच्या जेवणाचे पैसे वेगळे लावतात. २४ आणि ३१ डिसेंबरला अनेक ठिकाणी त्यांच्या पार्टीचं जेवण सक्तीचं असतं, आणि ते माणशी हजारांत जातं. एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,४०० आणि ७,८०० या दोन खोल्यांत दिसतं त्याहून बरंच जास्त अंतर पडतं. नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण धरून काय ते सांगा, असंच विचारायचं.

आणि नाताळचा हट्ट सोडा. लग्नाचा वाढदिवस १२ डिसेंबरला आहे ना? मग त्याच आठवड्यात जा. शनिवारची रात्र टाळून रविवारी दुपारी पोचायचं आणि मंगळवारी परतायचं. दर खाली येतात, गर्दी नसते. मुलांची दोन दिवस शाळा बुडेल, ती बुडू दे. आजी-आजोबांच्या लग्नाची पन्नाशी रोज येत नाही. मुलीची परीक्षा त्याच दिवसांत असेल तर तेवढी तारीख पुढेमागे करा.

माझं मत विचारशील तर, या वर्षी रिसॉर्ट. पण तुमच्या घरात बोटीची ओढ खरी कुणाला आहे, ते तुमच्यापैकी कुणी विचारलंय का? सासरे काहीच बोलत नाहीत असं तू लिहितेस, आणि पुढच्याच ओळीत ते काय बोलले ते लिहितेस. त्यांच्या लहानपणी कोकणात जायचं म्हणजे धक्क्यावरून आगबोट. बहुतेक बंदरांत ती लांब समुद्रातच उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्याला लागायच्या. ती बोट त्यांना खिडकी नसलेल्या वातानुकूलित खोलीत सापडेल असं मला वाटत नाही. क्रूझ किनाऱ्यापासून बरीच आत जाते; दाभोळ कधी मागे पडलं ते त्यांना कळणारही नाही.

पण भाऊचा धक्का अजून आहे. तिथून २०२० पासून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो सुटते. गाडीच बोटीत चढवायची आणि आपण वर जाऊन बसायचं. तासाभराचा प्रवास. थंडीत सीगल पक्षी बोटीच्या मागे मागे येतात, पोरं वेडी होतात. नौपाड्याहून पूर्व द्रुतगती मार्ग आणि पुढं फ्रीवे धरलात की धक्का गाठता येतो. नेरुळच्यांना पेणवरून अलिबाग जवळ पडेल, त्यांना ते जरा आडवळणाचं होईल, तरी जाताना सगळ्यांनी एकाच बोटीनं जावं. परतताना पेणवरून या. तिकीट काढण्याआधी फोन करून सासूबाईंना वर चढायला काय सोय आहे ते विचारून घ्या. मुक्काम अलिबाग-नागावच्या बाजूला, तळमजल्यावरच्या खोल्या, समुद्र चालत जाता येईल इतका जवळ. ओहोटी असेल तर मुलांना घेऊन कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि सासऱ्यांना पुढं कधी बरं वाटत असेल तेव्हा तुम्ही चौघं त्यांना घेऊन दाभोळला जा. दाभोळ ते धोपावे फेरीबोट आहे, तीही गाडीसकट नेते.

राहिला प्रश्न भावाभावांचा. हे तुझ्या नवऱ्यानंच बोलायला हवं, आणि ग्रुपवर नाही, फोनवरही नाही, समोरासमोर. ‘या वर्षी माझ्याकडे पन्नास आहेत. त्यात आई-बाबांचं चांगलं करूया,’ बस एवढंच. मोठा भाऊ म्हणून कायम पुढं राहायचं हे ओझं त्यांच्या डोक्यावर धाकट्यानं ठेवलेलं नाही. कदाचित त्याला काही कल्पनाच नसेल.

यावर दीर म्हणतील, ‘दादा, पैसे मी भरतो, आपण क्रूझलाच जाऊ.’ तुमच्या चौघांचे त्यांनी भरणं मला पटत नाही. ते मनापासून देतील, पण तुझा नवरा त्या जहाजावर एक दिवसही मोकळा बसणार नाही. आई-बाबांच्या खोलीचा आणि जेवणाचा खर्च दिरांनी एकट्यानं उचलला तर मात्र संकोच करू नका. दोघं वर्षभर तुमच्याकडे असतात, त्यांची औषधं, दवाखान्याच्या खेपा, रात्रीची जाग तुम्ही बघता. तुमचा वाटा त्यात आहे, तो पैशात मोजलेला नाही इतकंच. दीर-जावेला क्रूझची ओढ असेलच तर त्या तिघांनी फेब्रुवारीत खुशाल जाऊन यावं, आणि तू त्यांचे फोटो मनापासून बघ.

रविवारची वाट बघू नका. शनिवारी दुपारी ठाण्याहून नेरुळची लोकल पकडा, तुम्ही दोघंच. भाऊ भाऊ बोलत बसले की तू जावेला घेऊन बाहेर पड. पर्समध्ये त्या गोळ्या आणि मनगटाचे पट्टे असू देत. तिनं ते तुझ्या काळजीपोटी मागवलेत, तेव्हा खरं काय ते तिला तुझ्याच तोंडून कळू दे, दिरांकडून नको. चहा घेतल्याशिवाय ती सोडणार नाही. तो तिच्या घरी नको, जवळच्या एखाद्या हॉटेलात घ्या, दोघींनी बसून.