झाडे जोमदार, पण बटाटे गोटीएवढे

प्रश्न: स्वयंपाकघरातल्या टोपलीत कोंब आलेले बटाटे जानेवारीअखेर परसातल्या वाफ्यात लावले. झाडे गुडघाभर वाढली, पण उकरून पाहिले तर बटाटे गोटीएवढे, काही हिरवेही. काय चुकले? काढणीची वेळ कशी ओळखावी?

उत्तर: ताई, मुख्य चूक वेळेची. उबदार हवेत झाड वाढते, पण बटाटा पोसायला थंडी लागते, तीही रात्रीची. रात्री 20 अंशांच्या वर गेल्या की झाडाचे बळ पाल्यात जाते. म्हणून लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरका. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा घेतात, पण तिथे उंचावरचा गारवा आहे. ते पाहून सपाटीच्या गावात जूनमध्ये लावू नका.

हिरवेपणा उन्हाने येतो. बटाटा मुळांना लागत नाही. खोडाला जमिनीत जे फुटवे येतात त्यांच्या टोकाला तो फुगतो, आणि हे फुटवे बेण्याच्या, म्हणजे लावलेल्या बटाट्याच्या, वरच्या अंगाला असतात. वर मातीच नसेल तर बटाटा उघडा पडणारच. लावल्यावर महिनाभराने, झाडे वीतभर झाली की दोन्ही बाजूंची माती ओढून बुंध्याला भर लावा. पंधरवड्याने पुन्हा एकदा. कुंडीत लावायचे असेल तर आधी ती निम्मीच भरा, म्हणजे भर घालायला जागा राहते. हिरवे बटाटे मात्र खाऊ नका. त्यातले विषारी सोलॅनिन शिजवूनही जात नाही.

बेणे खात्रीचे, अंड्याएवढे घ्या. मोठे कापायचे तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवा आणि काप सावलीत सुकू द्या. दोन ओळींत दीड ते दोन फूट, दोन बेण्यांत वीतभर अंतर पुरे. पाणी वाफसा पाहून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाल्यावर द्या, चिखलात बेणे कुजते. ढगाळ हवेत पानांच्या कडेला भिजल्यासारखे काळपट डाग आणि पानामागे पांढरी बुरशी दिसली तर तो करपा. रोगट पाला लगेच उपटून लांब पुरा, शेजारच्या टोमॅटोवरही तो जातो.

काढणीची घाई बहुतेक जण करतात. साधारण 90 ते 100 दिवसांनी पाला पिवळा पडून लोळू लागतो. तेव्हा पाणी तोडा, पाला जमिनीलगत कापा आणि आठ-दहा दिवस थांबा. मग एक बटाटा काढून अंगठ्याने दाबून चोळा. साल सरकली तर तो अजून कच्चा आहे, माती परत सारा. साल घट्ट बसली असेल तर कोरड्या दिवशी काढा. खुरपे बुंध्याशी घालू नका, वीतभर लांबून माती उचला. कापलेला बटाटा टिकत नाही आणि शेजारच्यालाही सडवतो. न धुता सावलीत आठवडाभर पसरा, मग अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. उघड्यावर राहिले तर पाकोळी, म्हणजे बारीक पतंग, डोळ्यांजवळ अंडी घालते आणि अळी आत शिरते.

यातलेच बटाटे पुढच्या हंगामाला बेणे म्हणून ठेवू नका. मावा या रस शोषणाऱ्या किडीतून आलेला विषाणू बाहेरून दिसत नाही, पण बेण्यातून पुढच्या पिकात उतरतो.