सांगली-मिरजेत राहून बावीस-बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरचा छंद जमतो का?

तुमचा प्रश्न असा की तुम्ही मिरजेत राहता, परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून .२२ आणि .३२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इथं इंचात) छोटी रिव्हॉल्व्हर जमवायची आणि नेमबाजीच्या रेंजवर चालवायची ओढ लागलीये, घरात आजोबांचं एक बत्तीसचं आहे, त्यांचं वय ७४, तर हे आपल्याकडं कायद्यात बसतं का आणि सुरुवात कुठनं करायची. मी सांगलीचाच, गावभागातला. वडिलांचं बत्तीस माझ्या नावावर होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं जे स्वतः केलंय आणि भोगलंय ते सांगतो.

भिंतीवर वीस रिव्हॉल्व्हर मांडून ठेवायची, ते आपल्याकडं होत नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ चा, त्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनच्या जागी दोनच हत्यारं ठेवता येतात असं झालं, लायसन्सची मुदत मात्र तीनवरनं पाच वर्षं केली. मोठ्या स्पर्धांतल्या नेमबाजांना जास्तीची सूट आहे पण ती त्यांच्यासाठीच. वर .३८, .४५५, ९ एमएम हे सगळे प्रोहिबिटेड म्हणजे बंदी असलेले बोअर, साध्या माणसाला मिळत नाहीत. मग रिव्हॉल्व्हरमध्ये राहतं काय तर .२२ आणि .३२. म्हणजे तुम्हाला जे आवडलंय तेच आपल्या वाट्याला आलंय, आणि मला यात जराही कमी वाटत नाही, कारण दोनच असली की माणूस ती पार आतनं ओळखायला लागतो.

हे दोन्ही बोअर जुने आहेत बरं का. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीनं १८५७ मध्ये धातूच्या काडतुसाचं आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं ते बावीसचंच होतं. बत्तीसचं जे लाँग काडतूस आपण वापरतो ते १८९६ चं. बावीसची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, बत्तीसची सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, त्यामुळं हाताला बसणारा धक्का दोन्हीत कमीच. आजोबांच्या काडतुसाचं बूड बघा, के एफ अशी अक्षरं दिसली तर तो माल आपल्या पुण्याच्या खडकीचा, १८६९ पासून चालू असलेला कारखाना आहे तो. मला ते बूड बघितलं की दर वेळी बरं वाटतं.

आजोबांचं बहुतेक कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं असणार. ते असेल तर वेब्ली या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचं, मधनं मोडणारं. घोड्याच्या (काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) शेजारी डावीकडं एक खटका आहे तो अंगठ्यानं दाबायचा, नळी मान टाकते, सिलिंडरच्या (काडतुसांची घरं असलेला फिरता भाग) मधनं चांदणीसारखी तबकडी वर येते आणि सहाच्या सहा रिकाम्या पुंगळ्या एकदम तळहातावर. ही हालचाल मी हजारदा केली असेल तरी अजून आवडते. नवीन घ्यायचं तर २०१४ ला आलेलं निर्भीक आहे, टायटॅनियमचं, ५०० ग्रॅम, तेव्हाच किंमत १,२२,३६० रुपये होती. बावीसमध्ये इशापूरचं निडर, फक्त २५० ग्रॅम. २०२३ ला बत्तीसचं प्रबळ आलं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. माझं स्पष्ट मत, शिकायला हलकं हत्यार घेऊ नका. हलक्यात हात थरथरलेला लगेच नळीच्या टोकाला जातो, जुनं जड पोलाद ती थरथर गिळून टाकतं. आजोबांचं आहे तेच सगळ्यात चांगलं.

आता चालवायचं. रिव्हॉल्व्हरमध्ये सगळा खेळ चापाचा, म्हणजे ट्रिगरचा आहे, नेमाचा नंतर. घोडा न चढवता नुसता चाप ओढून उडवायचं म्हटलं तर तोच चाप सिलिंडर फिरवतो, घोडा मागं नेतो आणि सोडतो पण, त्यामुळं तो लांब आणि जड लागतो आणि शेवटच्या क्षणाला माणूस हिसका देतो. मी उजव्या हाताचा, पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर पहिल्यांदा २५ मीटरवर सहा मारल्या तर पाच खाली डावीकडं, एक तर कागदाबाहेर. मला वाटलं माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा) वाकडी आहे. तिथल्या एका जुन्या सरांनी काही न बोलता रिव्हॉल्व्हर घेतलं, मला पाठ करून उभं केलं आणि सहातल्या तीन घरात रिकाम्या पुंगळ्या घालून परत दिलं. रिकाम्या घरावर घोडा पडला, नुसता टक आवाज, आणि माझी नळी चांगली दोन बोटं खाली गेलेली मीच बघितली, धक्का नसताना. माशी सरळ होती, हात वाकडा होता. त्या दिवशी कळलं ते आधीच्या वर्षभरात कळलं नव्हतं.

घरी सराव म्हणजे हत्यार रिकामं करायचं, तीनदा बघायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोर भक्कम भिंत, पुढच्या माशीमागं नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. बत्तीसला हे चालतं, घरात डमी (दारू नसलेली नकली) काडतुसं घालून करा म्हणजे पिन झिजत नाही. बावीसला रिकामा घोडा कधीच पाडू नका, कारण बावीसमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर मारते, काडतूस नसलं की ती थेट घराच्या काठावर आदळते आणि तिथं खाच पडते, मग पुंगळ्या अडकायला लागतात.

आणि पाणी. हे तुम्हाला मिरजेत सांगायची गरज नसावी पण सांगतो कारण मनाला लागलेलं आहे. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आम्ही आई आणि पोरांना घेऊन होडीतनं बाहेर पडलो, कागदपत्रं घेतली, दागिने घेतले आणि वडिलांचं रिव्हॉल्व्हर खालच्या कपाटात राहिलं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर कातड्याचं कव्हर चिखलानं फुगून भाकरीएवढं झालेलं. आधी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी कळवलं, मग स्वच्छ पाण्यानं धुतलं, रॉकेलात बुडवलं, तरी आतल्या यंत्रात गाळ कुरकुरत होता, शेवटी परवानाधारक कारागिराकडनं पूर्ण खोलून घेतलं. नळी आतनं वाचली. बाहेर डाव्या अंगाला कातडं चिकटलं होतं तिथं चिंचोक्याएवढा खड्डा पडला, तो आजही आहे, हात फिरवला की लागतो आणि वडील आठवतात. त्यामुळं कातड्याच्या कव्हरमध्ये हत्यार कधीच साठवू नका, पूर नसला तरी पावसाळ्यात कातडं ओल धरतं. तेल लावलेल्या सुती कापडात, कुलूपबंद, वरच्या मजल्यावर. भिजलेली काडतुसं वाळवून उडवायची नाहीत. दारू अर्धवट पेटली तर गोळी नळीतच अडकते आणि वरनं दुसरी मारली तर नळी फुटते. माझी सगळी मी जमा करून टाकली.

लग्नावरातीत हवेत उडवायला कोणी मागितलं तर तोंडावर नाही म्हणा, मग तो सख्खा मेहुणा असू दे. २०१९ च्या दुरुस्तीत याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि वर गेलेली गोळी कुठं तरी खाली येतेच. निवडणुकीत ठाण्यात जमा करायचा आदेश आला की मुकाट जमा करा, पावती जपून ठेवा.

सुरुवात माझ्या मते एअर पिस्तूलनं, म्हणजे हवेच्या दाबानं छरा मारणाऱ्या पिस्तूलनं करा. .१७७ चं, २० ज्यूलच्या आतलं असेल तर लायसन्स लागत नाही, दहा मीटर जागा आणि कागद पुरे, छऱ्याला खर्च काहीच नाही. बत्तीसची काडतुसं महाग आणि वर्षाला किती घ्यायची तो आकडा लायसन्सवर लिहिलेला असतो, त्यामुळं नुसत्या बत्तीसवर कोणी नेमबाज झालेला नाही. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलला सोनं मारलं, ते हत्यार बावीसचंच होतं, फक्त रिव्हॉल्व्हर नाही, सेमी-ऑटोमॅटिक.

राहिलं आजोबांचं. २०१६ च्या आर्म्स रुल्सप्रमाणं मालकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्यांच्याकडं २५ वर्षं झाली तर ते हयात असतानाच वारसाच्या नावावर अर्ज करता येतो, तुमचं वय २१ पूर्ण पाहिजे. कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत अर्ज, पोलीस पडताळणी, हत्यार हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, घरातल्या बाकी वारसांची संमती. मंजूर होईपर्यंत हत्यार आजोबांचंच, तुम्ही एकट्यानं ते घेऊन रस्त्यावर निघायचं नाही, अगदी रेंजला पण नाही. नावावर झालं की लायसन्सवर एरिया जिल्ह्याचा आहे की राज्याचा ते बघा, पुण्याला नेताना तेच आडवं येतं. आणि अर्जाच्या आधी एकदा आजोबांना शेजारी बसवून जुनं लायसन्स बुक, खरेदीची पावती आणि शिल्लक काडतुसं काढून नीट मोजा, नोंदीशी आकडा जुळत नसेल तर कधी, कुठं उडवली ते त्यांच्याकडनं लिहून घ्या, मग फॉर्म भरा.