वाचकांचे प्रश्न : सगळे शिकवून टाकले, तर माझी गरज काय उरणार?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आयटीआय करून मी नोकरीला लागलो, नोकरी सांभाळून डिप्लोमा पूर्ण केला आणि गेली बरीच वर्षे भोसरीतील एका कारखान्यात मेंटेनन्सचे काम पाहतो. आमच्याकडे वाहनांचे सुटे भाग तयार होतात. सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारे) मशीन बंद पडले की पहिला फोन मला येतो. मग मी रजेवर असो की रात्रपाळी करून झोपलेला असो. यंदा असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली, ती मलाच मिळणार असे सारे धरून चालले होते, पण बाहेरून माणूस आणला गेला. साहेबांना विचारले, तर म्हणाले, "तुम्ही तिकडे गेलात तर मशीन कोण बघणार?" आता ते हाताखालच्या दोन मुलांना तयार करायला सांगत आहेत. पूर्वी एकाला मनापासून शिकवले होते, तर तो वर्षभरात थोड्या जास्त पगारासाठी चाकणला निघून गेला. शिवाय सगळेच शिकवून टाकले, तर माझी गरज काय उरणार? – एक वाचक, भोसरी

उत्तर : साहेबांचे ते वाक्य तुम्हाला लागले असणार, परंतु तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खरे, मात्र तो सव्वा लाख तुम्ही ज्या खुर्चीवर आज बसला आहात तिथेच मिळतो. ज्याच्यावाचून लाइन थांबते अशा माणसाला हलवण्याची जोखीम कोणताही प्लँट हेड सहसा घेत नाही. असिस्टंट मॅनेजरचे काम तर वेगळेच असते. तिन्ही पाळ्यांत कोण कुठे असेल, कोणता स्पेअर आधीच मागवून ठेवायचा, कोणती दुरुस्ती घरात करायची आणि कोणती बाहेर द्यायची, हे ठरवून त्याला इतरांकडून काम करून घ्यावे लागते. तुम्ही उत्तम दुरुस्ती करता याचे पुरावे कंपनीकडे ढीगभर आहेत. तुमच्या हाताखालचा माणूस उत्तम दुरुस्ती करतो याचा एकही नाही. बाहेरून माणूस आणण्यामागे आणखीही कारणे असू शकतील, पण तुमच्या हातातले कारण हे आहे.

शिकवलेला मुलगा निघून जाण्याची भीती खोटी नाही. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात मशीनवर हात बसलेल्या मुलाला दुसरी नोकरी मिळायला वेळ लागत नाही, आणि त्याने ती घेतली तर त्यात विश्वासघात शोधू नये. त्याच्या घरीही हप्ते असतात. खरी चूक व्यवस्थेची होती. एकालाच शिकवले आणि तेही तोंडी, त्यामुळे तो गेला तेव्हा शिकवलेले सारे त्याच्याबरोबर गेले. म्हणून या खेपेस साहेब म्हणतात तसे दोघांना घ्या आणि जे शिकवाल ते कागदावर उतरवा.

आता शिकवायचे कसे, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे "माझ्याबरोबर फिर आणि बघत राहा" यालाच शिकवणे म्हणण्याची पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कधी मशीनला हात न लावलेल्या स्त्री-पुरुषांना थोड्या दिवसांत तयार करण्याची वेळ आली. तेव्हा १९४० ते १९४५ या वर्षांत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी कार्यक्रम राबवला गेला. त्यात सुपरवायझरना शिकवावे कसे हे अवघ्या दहा तासांत शिकवत. पद्धत चार पायऱ्यांची : शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवणे व समजावणे, त्याच्याकडून करून घेणे, आणि नंतर लक्ष ठेवणे. युद्धानंतर हीच पद्धत जपानला गेली आणि टोयोटाने ती आपलीशी केली. तिचा गाभा एका साध्या कागदात आहे. त्याचे तीन रकाने : कामाची पायरी, त्यातली खुबी, आणि त्या खुबीचे कारण.

तुमच्याच विभागातले उदाहरण घेऊ. मशीनवर अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी कमी झाल्याचा अलार्म येतो (एन्कोडर म्हणजे मशीनचे सरकते भाग, म्हणजेच अक्ष, कुठे आहेत हे सांगणारे उपकरण). पायरी म्हणाल तर एका ओळीची आहे : जुनी बॅटरी काढून नवी बसवणे. कोणताही समंजस मुलगा काय करील? कुठल्याही विजेच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, हेच त्याला आयटीआयमध्ये शिकवलेले असते. त्यातून भोसरी भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, मेंटेनन्सची राहिलेली कामे त्या दिवशी काढलेली आणि अनेक मशीन आधीच बंद. म्हणजे चूक होण्याची सारी तयारी झालेली असते. खुबी अशी, की बहुतेक मशीनवर ही बॅटरी कंट्रोल चालू ठेवून आणि इमर्जन्सी स्टॉप दाबूनच बदलायची असते. कारण असे, की वीज बंद असताना अक्षांची होम पोझिशन, म्हणजे मोजणीची मूळ जागा, त्या बॅटरीच्या जोरावरच लक्षात राहिलेली असते; त्या वेळी ती काढली तर मशीन आपली जागा विसरते आणि झीरो पुन्हा सेट करण्यात पाळीतला बराच वेळ जातो. तुम्हाला हे इतके अंगवळणी पडलेले आहे, की सांगण्यासारखे काही आहे असेही वाटत नाही. नेमके तेच लिहायचे आहे. तिसरा रकाना मात्र रिकामा ठेवू नका, कारण 'का' ठाऊक असलेला मुलगा थोड्या वेगळ्या मशीनसमोरही थांबून विचार करतो, आणि नुसते 'कसे' ठाऊक असलेला तुम्हाला फोन करतो.

शिकवणीचा सर्वांत अवघड भाग म्हणजे चारपैकी तिसरी पायरी, मुलाकडून काम करून घेणे. तुम्ही ज्या कामाला वीस मिनिटे घेता, त्याला तो मुलगा तासभर लावील आणि प्रॉडक्शनवाले तुमच्याकडे डोळे वटारून पाहतील. अशा वेळी पान्याला हात न लावता शेजारी उभे राहणे जमले पाहिजे. एकदा का तुम्ही त्याच्या हातून काम काढून घेतले, की पुन्हा येरे माझ्या मागल्या. म्हणून सुरुवात ब्रेकडाउनच्या गडबडीत करू नये, ठरलेल्या प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्सच्या (बिघाड होण्याआधीच्या देखभालीच्या) वेळी करावी.

हे सारे केलेले दिसलेही पाहिजे. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्या कारखान्यांत बहुधा स्किल मॅट्रिक्स लावलेला असतो : एका बाजूला नावे, वर कामे आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचे वर्तुळ. पद्धत कंपनीगणिक थोडी बदलते, पण साधारणतः तीन भाग भरले म्हणजे माणूस ते काम एकट्याने करतो आणि चौथाही भरला म्हणजे इतरांना शिकवू शकतो. तुमच्या नावापुढची किती वर्तुळे पूर्ण भरली आहेत ते जाऊन पाहा. ऑडिटरही हे पाहतो. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेकडील ज्ञान जपणे आणि ते गरजूंपर्यंत पोहोचवणे यासाठी ७.१.६ हे स्वतंत्र कलम आहे. तुम्ही लिहिलेले कागद या कलमाखाली सरळ दाखवता येतात. साहेबांना ऑडिटच्या आदल्या आठवड्यात अशा कागदांची किती गरज असते, हे मी वेगळे सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगा. शिकवून झाल्यावर जुन्या, जास्त पगाराच्या माणसाला बाजूला सारणाऱ्या कंपन्याही आहेत आणि त्या नाहीत असे भासवण्यात अर्थ नाही. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वीच साहेबांशी बोला : दोघे अमुक महिन्यापर्यंत अमुक मशीन एकट्याने सांभाळू लागले, तर माझे पुढे काय? उत्तर अप्रेझलच्या उद्दिष्टांत लिहून घ्या. ते लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तरी शिकवणे थांबवू नका, पण शिकवण्याच्या अनुभवाचा उल्लेख असलेला बायोडेटा तयार ठेवा. कारखाना कोणताही असो, मेंटेनन्सची टीम घडवून दाखवलेला माणूस मुलाखतीत नुसत्या कारागिराहून वेगळा ठरतो. आणि दिवाळीला सलग आठवडाभर रजा घ्या. परत आल्यावर ब्रेकडाउन रजिस्टर वाचले, की पुढे काय शिकवायचे राहिले आहे ते कळेल.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. सहा जणांची टीम आहे. दिवसभर कोणी ना कोणी शंका घेऊन येते, त्यामुळे माझे स्वतःचे काम रात्री घरी जेवणे उरकल्यावर सुरू होते. अप्रेझलमध्ये मात्र "वैयक्तिक योगदान कमी" असा शेरा मिळाला. मदत करणे बंद करावे काय? – एक वाचक, वाकड

उत्तर : मदत बंद करू नका, उत्तरे देणे कमी करा. शंका आली की दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे त्या क्षणी सोपे वाटते, परंतु त्यामुळे समोरच्याला तुमच्याकडे येण्याची सवय लागते. त्याने स्वतः काय करून पाहिले आणि त्याचा अंदाज काय आहे, हे आधी विचारा. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला, तर ज्याने विचारला त्यालाच उत्तर टीमच्या सामाईक पानावर लिहायला सांगा आणि तुम्ही फक्त तपासा. कोड रिव्ह्यू सगळे एकट्या करत असाल, तर ते आजपासून वाटून द्या : दोघांनी एकमेकांचा कोड पाहावा आणि अडले तरच तुमच्याकडे यावे. शंकांसाठी दुपारनंतरची एक वेळ ठरवून दिली, तर निम्म्या शंका तोपर्यंत आपोआप सुटतात, असा माझा अनुभव आहे.

शेऱ्याबद्दल बोलायचे, तर तुमची मदत कुठे नोंदलीच गेली नाही. "मी सर्वांना मार्गदर्शन केले" हे वाक्य अप्रेझलमध्ये कोणीही लिहितो. त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीला कोण काय करू शकत नव्हते आणि आता तुमच्याविना काय करते, ते लिहा : अमुक जण आता क्लायंटच्या कॉलवर स्वतः डेमो देतो, अमुक जणीने शेवटचे रिलीज एकटीने सांभाळले. गूगलने २००८ च्या सुमारास 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' या नावाने आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या मॅनेजरच्या गुणांच्या यादीत पहिले स्थान मिळाले ते माणसांना चांगले घडवण्याला; तांत्रिक ज्ञान यादीत होते, पण सर्वांत शेवटी. तुमच्या मॅनेजरला हे ऐकवून दाखवायची गरज नाही. येत्या वर्षाच्या उद्दिष्टांत टीमच्या तयारीला ठरावीक गुण असावेत, एवढी मागणी मात्र पहिल्याच बैठकीत करा. आणि रात्रीचे काम? ते सवयीने चालले आहे की खरोखर कामच जास्त आहे, हे वरील बदलांनंतर दोन-तीन महिन्यांत स्पष्ट होईल. जास्त असेल, तर तो सातव्या माणसाचा प्रश्न आहे, तुमच्या मदतीचा नव्हे.

प्रश्न : मी चिंचवडमधील एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. आमचे सीनियर काका काही विचारले की "बघून शिक" म्हणतात आणि सेटिंग करताना पाठ करून उभे राहतात. काय करावे? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : काकांना कदाचित पहिल्या पत्रातलीच भीती वाटत असेल. त्यांना "शिकवा" म्हणू नका. त्यांच्या कामातला कंटाळवाणा भाग आपणहून उचला, म्हणजे टूल लावून ठेवणे, रीडिंग लिहिणे, चिप साफ करणे. दिवसाअखेर जे दिसले ते वहीत मांडा आणि दुसऱ्या दिवशी "काका, हे मी बरोबर लिहिले आहे का?" असे विचारा. चुकीचे लिहिलेले पाहून गप्प बसणे जाणत्या माणसाला फार जड जाते. तुमच्या कारखान्यात क्वालिटी सर्कल (कामातल्या अडचणी मिळून सोडवणारा कामगारांचा गट) असेल, तर त्यात नाव द्या. आपल्याकडे ही चळवळ १९८० मध्ये हैदराबादच्या भेल कारखान्यात सुरू झाली आणि आज तिच्या राष्ट्रीय संस्थेचे पुण्यातही केंद्र आहे. सर्कलच्या बैठकीत काका आणि तुम्ही एकाच टेबलाशी बसता, आणि तिथे प्रश्न विचारणे हेच काम असते. शिवाय अप्रेंटिसला काम शिकवणे ही १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार कंपनीची जबाबदारी आहे. महिना-दोन महिन्यांत काहीच बदलले नाही, तर ट्रेनिंग विभागाकडे जा. मात्र काकांची तक्रार घेऊन जाऊ नका, दुसऱ्या मशीनवर काही आठवडे बदली मागा.