वाचकांचे प्रश्न : घरात माणसं आहेत, मूल एकटं आहे, हे पडद्यावर कसं दाखवायचं?

लहान मुलाकडे होणारं दुर्लक्ष आणि त्याचं एकटेपण या विषयावर लघुपट करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या १५ मिनिटांच्या लघुपटात सात वर्षांचा मुलगा आहे. आई-वडील घरातच असतात. मारहाण नाही, भांडणं नाहीत, फक्त त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. संहितेत तो तीन वेळा रडतो, तरी वाचणाऱ्याला काही भिडत नाही. काय चुकतंय? (कोल्हापूर)

तिन्ही रडणी आधी काढा. रडणारं मूल दिसलं की प्रेक्षकाला दया येते आणि तो तिथेच मोकळा होतो. शिवाय ज्याच्याकडे दिवसेंदिवस कुणी पाहिलेलं नाही, ते मूल बऱ्याचदा रडतही नाही. रडून कुणी येत नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं.

दुर्लक्ष पडद्यावर दिसतं ते न आलेल्या उत्तरातून. संहिता घेऊन बसा आणि मुलाची प्रत्येक हाक अधोरेखित करा. ती शब्दांतलीच असेल असं नाही. वही पुढे करणं, दाराशी घुटमळणं, मुद्दाम चमचा पाडणं, या सगळ्या हाकाच. प्रत्येकीपुढे काय उत्तर आलं ते लिहा. १५ मिनिटांना अशा चार-पाच हाका पुरतात. पहिलीला अर्धंमुर्धं उत्तर मिळू द्या, ‘हं, ठेव तिथं’ एवढंच. दुसरीला न बघता हललेली मान. शेवटची हाक मुलानं ओठांवर आणावी आणि सोडून द्यावी. तुमच्या गोष्टीतला सगळ्यात जड क्षण तो आहे, त्याला जागा द्या.

आता चित्रीकरण. मुलानं वही पुढे केली आहे, आई भाजी चिरते आहे. इथे बहुतेक जण मुलाच्या पडलेल्या चेहऱ्यावर कट करतात, आणि प्रसंग तिथेच स्वस्त होतो. वही आणि आईचे हात एकाच चौकटीत ठेवा. उत्तर यायला हवं होतं तो क्षण उलटून गेल्यावरही चार-पाच सेकंद शॉट चालू ठेवा. वहीचं टोक हळूहळू खाली येईल. एवढ्यावर काम होतं.

सत्यजित राय यांचा ‘टू’ हा १९६४चा कृष्णधवल लघुपट या दृष्टीनं पुन्हा पाहा. एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेसाठी केलेला हा छोटासा चित्रपट, त्यात संवाद एकही नाही. सुरुवातीलाच श्रीमंत घरातला मुलगा निघून जाणाऱ्या मोटारीला वरून हात करतो. पुढे चित्रपटभर त्या घरात मोठं माणूस दिसत नाही. मुलाकडे शीतपेय आहे, फुगे आहेत, खोलीभर खेळणी आहेत. तो काडी पेटवून फुगे फोडतो. खिडकीखाली झोपडीतल्या मुलाची बासरी ऐकू येते, तेव्हा हा आपलं खेळण्यातलं वाद्य घेऊन ती दाबायला बघतो. शेवटी त्या झोपडीतल्या मुलाचा पतंगही एअरगननं पाडतो. या मुलाला रायांनी कुठेही बापुडवाणं केलेलं नाही. तो हट्टी आहे, दुष्टपणाही करतो. एकटं मूल चांगलंच असलं पाहिजे, हा आग्रह सोडला की पटकथेत किती जीव येतो, ते इथे दिसतं. तुमच्या गोष्टीतल्या मुलालाही एक वाईट कृत्य करू द्या.

प्रश्न : कॅमेरा मुलाच्या उंचीला ठेवला, तरी सगळं ‘गोड’ दिसतं, एकटं वाटत नाही. (नाशिक)

उंचीपेक्षा तुमची लेन्स आणि अंतर यांत घोटाळा असणार. खोली लहान म्हणून बरेच जण २४ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स लावून मुलापासून दीड-दोन फुटांवर जातात. इतक्या जवळून कपाळ आणि नाक मोठं दिसतं, चेहरा जाहिरातीतल्या बाळासारखा होतो. फुल-फ्रेम (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ किंवा ५० मिमी लावा आणि किमान सहा-सात फूट मागे या. मागे जायला जागा नसेल तर ट्रायपॉड खोलीबाहेर, दाराच्या चौकटीपलीकडे ठेवा. दाराच्या दोन्ही कडा काळ्या राहिल्या की मुलाभोवती आपोआप दुसरी चौकट तयार होते.

सात वर्षांच्या मुलाचे डोळे उभं असताना साधारण ११० सेंटिमीटरवर येतात, जमिनीवर मांडी घालून बसल्यावर ५५च्या आसपास. नेहमीचा ट्रायपॉड इतका खाली जात नाही, तेव्हा आखूड पायांचा ट्रायपॉड किंवा पाटावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा ठेवा. या उंचीवर कॅमेरा आडवा सरळ ठेवला की उभी मोठी माणसं छातीपाशी कापली जातात. चेहरा दाखवायचा म्हणून कॅमेरा वर वळवू नका. साडीचा पदर, लॅपटॉपची पिशवी, मोबाइल धरलेला हात, एवढ्यावर वडील-आई उभे राहतात. त्यांचे पूर्ण चेहरे संपूर्ण लघुपटात एकदा-दोनदाच दाखवा, आणि ते मुलाकडे बघत नसताना.

आणखी एक. वाइड शॉटमध्ये मूल बरोबर मधोमध नको. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात ठेवून समोर रिकामी खुर्ची किंवा न आवरलेलं अंथरूण येऊ द्या. पण असे शॉट तीनपेक्षा जास्त झाले की प्रेक्षकाला दिग्दर्शकाचा हात दिसायला लागतो. छतावरून खाली बघणारा शॉट तर टाळाच, तो मुलाला सरळ ‘बिचारा’ म्हणून टाकतो.

प्रश्न : मग हँडहेल्ड, म्हणजे हातात धरलेला कॅमेरा, अजिबात वापरायचाच नाही का? (पणजी)

गोष्ट मागत असेल तर जरूर वापरा. ब्रिटिश दिग्दर्शिका अँड्रिया अर्नॉल्ड यांचा ‘वॉस्प’ (२००३) हा इंग्लंडमधल्या डार्टफर्ड इथे घडणारा लघुपट, त्याला २००५मध्ये ऑस्कर मिळालं. एकटी तरुण आई जुन्या मित्राला भेटायला पबमध्ये जाते आणि चार मुलं बाहेर तिची वाट बघत राहतात. कॅमेरा हातात आहे, मुलांच्या अगदी लगत आहे, कारण मुलं सतत हलती आहेत, भुकेली आहेत आणि एकमेकांना धरून आहेत. एका खोलीत बसून राहिलेल्या मुलाला तोच हलता कॅमेरा लावला तर कुणीतरी त्याच्या सोबतीला आहे असं वाटतं. तिथे ट्रायपॉडच बरा.

प्रश्न : संगीतासाठी संथ पियानो घेतला होता, तो काढून टाकला. आता नुसती शांतता आहे, तर आवाज गेलाय असं लोक म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

पियानो काढलात ते उत्तम केलंत. पण ध्वनिपट कोरा ठेवला की प्रेक्षक स्पीकरकडेच बघणार. शांतता ऐकू यायला हवी, आणि त्यासाठी आवाज लागतात. प्रत्येक खोलीत चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून किमान एक मिनिट खोलीचा मोकळा आवाज, म्हणजे रूम टोन, रेकॉर्ड करा. संवादांच्या वेळी पंखा आणि फ्रिज बंद ठेवा, त्यांचे आवाज नंतर वेगळे घ्या. पंखा संवादाच्या ट्रॅकमध्ये मिसळला की प्रत्येक कटला त्याचा सूर उडी मारतो आणि दुरुस्त होत नाही.

यावर दोन थर चढवा. पहिला थर मुलाचा, अगदी जवळचा : ताटलीवर चमचा, वहीचं पान, नाकातून श्वास. हे आवाज नंतर माइक वीतभर अंतरावर ठेवून पुन्हा करून घ्या. दुसरा थर मोठ्या माणसांचा, भिंतीपलीकडचा. कलाकाराला खरोखर बंद दाराआड बोलायला लावा आणि माइक मुलाच्या जागी ठेवा. ते शक्य नसेल तर एडिटमध्ये आवाजाचा वरच्या पट्टीतला भाग शब्द पुसट होईपर्यंत कापा. शब्द कळू नयेत, सूर कळावा. आई फोनवर हसते आहे, एवढंच मुलाला कळतं. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्याही घ्या : तिकडे जेवणाची तयारी चालू आहे, इकडे ओटा थंड. ‘टू’च्या शेवटी खेळण्यातला रोबो चालत येऊन ठोकळ्यांचा मनोरा पाडतो आणि बाहेरून बासरी पुन्हा ऐकू येते. हरलं कोण, ते आवाजच सांगतो.

प्रश्न : मुलगी दुपारपासून रात्रीपर्यंत वाट बघते. हे दोन मिनिटांत कसं बसवायचं? डिझॉल्व (एक दृश्य विरघळत दुसरं येणं) आणि घड्याळ दोन्ही करून पाहिलं. (सोलापूर)

दोन्ही काढा. डिझॉल्व वाट बघणं मऊ करतो, घड्याळ नुसती माहिती देतं. एकच चौकट चार वेळा घ्या. ट्रायपॉडच्या पायांखाली जमिनीवर चिकटपट्टीनं खुणा करा, लेन्सची उंची लिहून ठेवा, म्हणजे कॅमेरा हलवला तरी त्याच जागी परत येतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवण्याची सोय) ऑटोवर असेल तर कॅमेरा संध्याकाळसुद्धा दुपारसारखी करून टाकतो. तो ५६०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडावर, बांधून ठेवा, मग सूर्य मावळल्यावर खोली खरोखर निळी होत जाते आणि शेवटी शेजारच्या बल्बचा पिवळा पट्टा आत येतो. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५० सेकंदावर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लपलप करेल. चारही शॉटमध्ये मुलीजवळची एकच गोष्ट बदला, उदाहरणार्थ बिस्किटांचा पुडा. लांबी समान नको : १२ सेकंद, ८, ५, आणि शेवटचा २५. प्रेक्षकाला कटची सवय लागते आणि मग कट येतच नाही, तेव्हा त्याला वाट बघावी लागते.

प्रश्न : रंग उतरवून फिकट करावा का? (ठाणे)

नको. लख्ख रंगांच्या, नीटनेटक्या घरातलं दुर्लक्ष जास्त बोचतं.

प्रश्न : बालकलाकाराकडून एकटेपण कसं काढून घ्यायचं? दिग्दर्शक मित्र म्हणतो, त्याला खरंच थोडं घाबरवून बघ. (पुणे)

हे कदापि करू नका. दुर्लक्षावरचा चित्रपट करताना मुलालाच दुखवायचं, याला काहीच आधार नाही, आणि कामही वाईट होतं : घाबरलेलं मूल पुढच्या टेकला कॅमेऱ्याकडेच बघत राहतं. त्याला भावना सांगू नका, काम द्या. ‘या ठोकळ्यांचा मनोरा कर, पाडायचा नाही’ एवढं सांगा आणि शॉट चालू करा. तल्लीन चेहरा योग्य जागी जोडला की प्रेक्षक त्यात एकटेपण वाचतो. ओरडण्याचा प्रसंग असेल तर मोठ्यांचे शॉट मूल घरी गेल्यावर घ्या.

१४ वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्याचे नियमही आहेत, ते बिनपैशांच्या लघुपटातसुद्धा पाळा. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती आधी घ्यायची. मुलांच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार व्यक्ती नेमायची, एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त पाच मुलं. मानधन देत असाल तर किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायची. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला काम करायला लावता येत नाही, म्हणून तो ‘नको’ म्हणाला की त्या दिवसाचं चित्रीकरण थांबवा. रात्रीचे प्रसंग खिडक्यांना काळं कापड लावून सकाळीच उरकून घ्या.