होरस हरला कशामुळे?

मित्रा, वॉरहॅमर ४०,००० या खेळाच्या काल्पनिक विश्वात नवीन आहेस, म्हणून सांगतो. होरस म्हणजे मानवजातीच्या सम्राटाविरुद्ध बंड करणारा त्याचाच सेनापती. तो का हरला, तर 'सम्राट जास्त ताकदवान होता' एवढ्यावर थांबू नकोस. होरसचं बंड इस्तवान ३ या ग्रहापासून बघ. आपल्या बाजूच्या लीजनांमधल्या (लीजन म्हणजे महायोद्ध्यांची फौज) सम्राटनिष्ठांना त्याने तिथे उतरवलं आणि वरून विषाणूबॉम्ब टाकले! तरी गारो हा सम्राटनिष्ठ कप्तान आयझेनस्टाइन जहाज घेऊन निसटला, खबर टेराला, म्हणजे पृथ्वीवर, पोचली. १८ पैकी ९ लीजन होरसच्या बाजूने, पण मोट टिकली नाही. टेराच्या ऐन वेढ्यात एम्परर्स चिल्ड्रन या त्याच्या बाजूच्या लीजनचे योद्धे नागरिकांच्या कत्तलीतच रमले. तिकडे सम्राटनिष्ठ सेनापती गिलिमनची कुमक जवळ येत होती. मग होरसने स्वतःच्या जहाजाची शील्ड उतरवली आणि सम्राट थेट आत आला. तो प्रसंग सावकाश वाच. माझ्या अंगावर अजून काटा येतो.