तुझी रात्र कुठली, ते आधी ॲपला सांग

प्रिय पोरी,

तुझा मेसेज पहाटे पावणेपाचला आलेला बघितला आणि लगेच कळलं की नाइट ड्युटी लागलीय, कारण त्या वेळेला कोल्हापुरात एकतर म्हशीच्या धारा काढणारे जागे असतात नाहीतर आपण नर्सा. विचारलंस की हॉस्पिटलनं ते मोबाईल ॲपवरचं आठ आठवड्यांचं वेलनेस सुरू केलंय, पावलं मोजायची, झोप मोजायची, त्यात नाव देऊ का नको, आणि वॉर्डातल्या निम्म्या जणी म्हणतात आधीच पाय तुटतात, त्यात आणि हे कशाला. नाव दे. पण ज्या दिवशी नाव देशील त्याच दिवशी त्या ॲपला एक गोष्ट सांगून टाक, की तुझी रात्र कुठली. हे मी एवढं धरून का सांगते ते ऐक.

मागं मी एका खाजगी हॉस्पिटलात होते, नाव राहू दे, तिथं असंच पावलांचं चॅलेंज काढलेलं आणि दर सोमवारी बोर्डावर नंबर लावायचे. नाइटवाल्या सगळ्या तळाला. का, तर ॲपचा दिवस रात्री बाराला संपतो. माझी ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ, म्हणजे चार तास एका तारखेत आणि आठ तास दुसऱ्या, एकाच रात्रीचे दोन तुकडे. सकाळी दहा ते दोन मी झोपायची, ती झोप त्यानं डुलकी म्हणून बाजूला काढून ठेवली आणि मुख्य झोपेच्या जागी शून्य दाखवलं. रात्री दहाला मी सलाईन बदलत असताना खिशात फोन थरथरायचा की झोपायची वेळ झाली, आणि सकाळी साडेअकराला कुठं डोळा लागला की टुंग, बराच वेळ बसून आहात, उठा, चाला. तीन आठवड्यांनी मी ते काढून टाकलं. पण त्या तीन आठवड्यांत मला मनापासून वाटायला लागलेलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण माझ्याबरोबर ज्या नवीन पोरी होत्या त्यांनाही तसंच वाटलं असणार आणि मी सीनियर असून त्यांना काही बोलले नाही.

म्हणून तुला बोलते. ड्युटी लिस्ट लागली की त्याच संध्याकाळी दहा मिनिटं फोन घेऊन बस. झोपायची वेळ आणि उठायची वेळ त्या आठवड्याच्या ड्युटीप्रमाणं टाक, नाइटच्या आठवड्यात सकाळी नऊ ते चार "डू नॉट डिस्टर्ब" लाव आणि घरच्या दोनच नंबरांना परवानगी दे, हालचालीच्या रिमाइंडरची वेळ बदलता येत असेल तर बदल, नसेल तर तो रिमाइंडरच बंद. झोप आपोआप पकडली नाही तर हातानं लिही, बहुतेक ॲपमध्ये तशी सोय असते. आणि पावलांचं टार्गेट नाइटला वेगळं, मॉर्निंगला वेगळं, ऑफला वेगळं. एकच आकडा बाराही महिने लावायचा म्हणजे एकच डोस सगळ्या पेशंटना दिल्यासारखं आहे.

अजून एक, मनगटावर तो पावलं मोजायचा पट्टा बांधून वॉर्डात जाऊ नकोस. हँड हायजिनला कोपराखाली काही नको हे तुला शिकवलंय, मग तो बँड असो नाहीतर बांगडी. क्लिपवाला मिळाला तर युनिफॉर्मला लाव, नाहीतर ड्युटीतली पावलं मोजूच नकोस, काही बिघडत नाही, का ते पुढं सांगते.

आता झोपेचं, कारण माझ्या मते या सगळ्या प्रोग्रामात झोप पहिली आणि चालणं दुसरं. डोळ्यांच्या मागं मेंदूत एक छोटंसं केंद्र आहे, उजेड बघून तेच शरीराचं घड्याळ लावतं. केळ्यावर घोंघावणारी चिलटं असतात ना, त्यांच्यात हे घड्याळ कसं चालतं ते शोधल्याबद्दल २०१७ साली तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं, म्हणून त्या वेळेला थंडी वाजते, अक्षरं पुसट दिसतात, आणि इन्सुलिनचे युनिट भरताना हात थांबतो. थांबला तर थांबू दे, दुसरीला बोलाव, दोघींनी मिळून बघा. त्यात कमीपणा नाही.

नाइटच्या पहिल्या दिवशी दुपारी दीड तास तरी झोप, तशीच जाऊ नकोस. रात्री ब्रेकला वीस मिनिटं डोळे मिटायला मिळाले, इन्चार्ज परवानगी देत असेल, तर वीसच मिनिटं, अलार्म लावून. जास्त झोपलीस तर उठल्यावर डोकं जड होतं आणि ते उतरायला वेळ लागतो, तेवढ्यात औषध काढायला घेऊ नकोस, तोंड धू, चार फेऱ्या मार आणि मग. चहाचं तर तूच हिशोब कर, कॅफिनची हाफ-लाइफ, अंगातलं निम्मं उतरायला लागणारा वेळ, साधारण पाच तास, म्हणजे पाचला मावशी प्रेमानं आणतात तो कप तू नऊला उशीवर डोकं टेकशील तेव्हा निम्म्याहून जास्त अंगात असतो. शेवटचा चहा दोनला. मावशींना सांग, त्या समजून घेतात, त्यांची पण रात्रच असते.

घरी जाताना जप. माझी सातवी नाइट होती, सकाळी साडेआठला मोपेडवरनं फुलेवाडीकडं निघालेली, ऊन डोळ्यावर, आणि मधल्या काही सेकंदांचं मला काही म्हणजे काही आठवत नाही, जाग आली तेव्हा गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात रुतलेली. मागं ट्रक असता तर हे पत्र आलं नसतं. ऑस्ट्रेलियात १९९७ साली मोजून बघितलंय, सलग सतरा तास जागं राहिलं की माणसाचं डोकं आणि हात रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालतात, आणि आपल्याकडं गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. तू पहिल्या नाइटच्या सकाळी सातला उठलेली असशील आणि दुपारी झोपली नसशील तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला किती तास झाले मोज. केएमटीच्या बसनं ये, भावाला बोलव, रिक्षा कर, पण डोळे मिटत असताना गाडी काढू नकोस. आलीस की पडदे ओढ. तुमच्या उद्यमनगरात दहाला लेथ सुरू होतात ते मला माहीत आहे, कानात बोळे घाल, खिडकीला जाड काळं कापड लाव, पंखा मोठा ठेव म्हणजे त्याच्या आवाजात बाकीचे आवाज बुडतात. सलग सात तास जमत नसतील तर साडेनऊ ते दोन एक तुकडा आणि संध्याकाळी जायच्या आधी दीड तास दुसरा, असं चालतं, पण दोन्ही तुकडे ॲपात लिही, चोवीस तासांची बेरीज बघ.

आई म्हणते ना की दिवसा लोळत पडते, तिला तालमीतल्या पोरांचं सांग. पहाटे उठून जोर-बैठका, लढती, मग खुराक, आणि दुपारी गाढ झोप, संध्याकाळी परत मेहनत. त्या दुपारच्या झोपेला आख्ख्या कोल्हापुरात कुणी आळस म्हणत नाही, वस्ताद स्वतः झोपायला लावतो कारण त्याला माहितीय की त्याशिवाय अंग भरत नाही. तू रात्रभर जी मेहनत करतेस तिची झोप दिवसाच येणार. तिला हे पटेल, तिचा भाऊ तालमीत होता असं तूच सांगितलेलं.

ॲप "डीप स्लीप इतकी मिनिटं" असं दाखवेल, त्याच्या मागं लागू नकोस. खरी झोपेची तपासणी डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी बघून होते, हा बँड बिचारा हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतो, झोपलीस का जागी आहेस एवढं बऱ्यापैकी सांगतो, तेही तू डोळे उघडे ठेवून शांत पडलीस तर झोपली म्हणून मोजतो. एकूण तास किती आणि उठल्यावर कसं वाटलं, एवढं दोनच बघ. आणि झोप येत नाही म्हणून कुणी औषधांच्या ट्रॉलीतली झोपेची गोळी पुढं केली तर घेऊ नकोस, एकदा नाही, अर्धी नाही. चांगल्या सिस्टर त्यात अडकलेल्या मी बघितल्यात. आठवड्यातून तीन-तीन दिवस झोपच लागत नाही असं तीन महिने चाललं तर डॉक्टरकडं जायचं, त्याला गोळीशिवायचे इलाज आहेत, सवयी आणि विचार बदलायची पद्धतशीर थेरपी आहे आणि ती आता मोबाईलवरूनही देतात. ॲपचा मला सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो हाच.

आता पावलं. दहा हजार हा आकडा आला कुठनं, तर जपानमध्ये १९६५ साली एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर. नंतर २०१९ साली अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षांच्या बायकांवर अभ्यास झाला, त्यात साडेचार हजारांच्या आसपासच मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसायला लागला आणि साडेसात हजारांच्या पुढं फायदा वाढायचा थांबला. तेव्हा दहा हजार झाले नाहीत म्हणून रडू नकोस. पण वॉर्डातल्या पावलांवर विसंबूनही राहू नकोस. बेड नंबर चारपासून अकरापर्यंत, परत स्टेशन, परत चार, असं थांबत थांबत चालण्यानं पाय दुखतात, पाठ मोडते, पण दम लागेल असं चालणं होत नाही. म्हणून म्हटलं ड्युटीतली पावलं मोजली नाहीत तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि चांगली गोष्ट म्हणजे एका वेळी कमीत कमी दहा मिनिटं ही जुनी अट त्यांनी काढून टाकली, पाच मिनिटं असली तरी जमा होतात. नाइटच्या आठवड्यात तू संध्याकाळी उठल्यावर पंधरा मिनिटं रंकाळ्याला झपाझप चाललीस तरी मी तुला पूर्ण मार्क देईन, उजेडही मिळतो आणि जागही चढते. सकाळी ड्युटी उतरून जिमला जाऊ नकोस, झोप उडते. मॉर्निंग ड्युटीच्या आठवड्यात आणि ऑफला भरपाई कर. पेशंट उचलून आपल्या पाठी जातात म्हणून सूर्यनमस्कार आणि भिंतीला टेकून बैठका, आठवड्यातनं दोनदा, हे मात्र सोडू नकोस, माझी कंबर चाळिशीतच बोलायला लागली.

ॲपच्या ग्रुपमध्ये जाताना विचारून घे की हा डेटा बघणार कोण. झोप, पाळी, वजन हे तुझं आहे, एकदा दिलेली संमती काढून घ्यायची तरतूद २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. इन्चार्जला वॉर्डाची सरासरी दिसू दे, तुझं नाव नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटतं. नाइट उतरून त्याच दुपारी परत ड्युटी, महिन्यात दोन डबल ड्युट्या, असं असलं तर कुठलंही ॲप झोप आणून देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं रात्रपाळीला कॅन्सर बहुधा करणाऱ्या गोष्टींच्या यादीत २००७ साली घातलं आणि २०१९ ला परत तपासून तिथंच ठेवलं, घाबरवायला सांगत नाही, पण ड्युटी लिस्ट हा आरोग्याचा विषय आहे हे इन्चार्जला ठामपणे सांगता यावं म्हणून सांगते. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट अशी पुढं सरकत जाणारी पाळी शरीराला सोपी जाते, उलटी जड जाते. तुम्ही चार-पाच जणी मिळून आठ आठवडे नीट नोंदी ठेवा, ड्युटी आणि त्याखाली झोपेचे तास, पेशंटच्या ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टसारखं. कुठल्या ड्युटीनंतर झोप चार तासांवर येते ते कागदावर दिसलं की मेट्रनशी बोलणं सोपं होतं, मी इतकी वर्षं नुसतं तोंडानं सांगत राहिले आणि तक्रारखोर ठरले.

तुझी नाइट शुक्रवारी उतरतेय ना. शुक्रवारी सकाळी दोन-तीन तासच झोप, मग उठून राहा आणि रात्री लवकर पड. रविवारी ऑफ असेल तर साडेपाचला रंकाळ्यावर संध्यामठाकडच्या बाजूला ये, फोन चार्ज करून आण आणि पुढच्या महिन्याच्या ड्युटी लिस्टचा फोटो काढून आण, बसून सगळी सेटिंग करून टाकू. तुझ्याबरोबरच्या त्या दोघींना पण घेऊन ये.

तुझी,
सिस्टर